बायकांची वेळ

आमच्या गावात नवरा-बायकोने बरोबरीने चालायची पद्धत नव्हती. नवरा पुढे, बायको चार पावलं मागे, आणि लेकरू असलं तर ते बायकोच्या काखेत. एखादा हौशी गडी बायकोच्या बाजूने चाललाच, तर मोंढ्यातल्या ओट्यांवरची रिकामटेकडी मंडळी दिवसभर तेवढाच विषय चघळायची. मी शाळेत शिक्षिका. पोरांना बेरीज-वजाबाकीबरोबर समताही शिकवायची, आणि घरी येताना रस्त्यात नवरा भेटला की मुकाट्याने त्याच्या मागे चालायला लागायची. मला त्याचा फार राग यायचा. नुसता राग नाही, वाईटही वाटायचं.

यांचं नाव नागनाथ. लिहिताना घेते, बोलताना अजून जीभ अडते. हे नगरपालिकेत ओव्हरसिअर होते. गटारी, नळाचे पाइप, उखडलेले रस्ते, हेच यांचं काम. आमचं घर भीमनगरात, दीड खोलीचं. पुढच्या खोलीत सासूबाई, दोन दीर आणि नणंद. मागे चूल, आणि चुलीच्या पलीकडे जुन्या लुगड्याचा पडदा लावून आम्ही दोघं. हे नुसते कुशीवर वळले तरी सासूबाई तिकडून विचारायच्या, "ढेकणं चावायलेत का रं नागू?" अशा घरात नवरा-बायकोने बोलायचं काय? घासलेट संपलं, ज्वारी दळून आणा, धाकट्याला चप्पल घ्यायची. या माणसाला दोडका आवडत नाही, एवढं मला कळलं होतं. त्यापलीकडे तो मला परकाच होता.

मनसोक्त बोलणं एकदाच झालं होतं. लग्नाच्या वर्षी अशोक विजयादशमीला आमची सगळी वस्ती रेल्वेने नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. तिथल्या गर्दीत आमची बाकीच्यांशी चुकामूक झाली. मागे चालले असते तर मीही हरवले असते, म्हणून यांनी मला शेजारी घेतलं. आमची माणसं शोधत आम्ही फिरत राहिलो, आणि फिरता फिरता हे बोलायला लागले. यांचे वडील सेलूला एका जिनिंगमध्ये हमाल होते. हे लहानपणी सरकीच्या ढिगावर झोपायचे. तिथल्या मालकाच्या बंगल्यापुढे बाग होती आणि तिच्यात पाय टाकायला यांना बंदी होती. "तवाच ठरवलं," हे म्हणाले, "मोठं झाल्यावर एक तरी बाग आपल्या हातानं करायची. सगळ्यांसाठी." मग मीही बोलत सुटले. पेडगावला मी ओढ्याकाठाने एकटीच भटकायची, आणि माझी माय म्हणायची, ह्या पोरीच्या पायाला भिंगरी हाय. यांना ते ऐकून एवढं हसू आलं! आपली माणसं आज सापडूच नयेत, असं मला वाटत होतं. पण ती एका पुस्तकाच्या दुकानापाशी सापडली. सासूबाई मला मिठी मारून रडल्या. मीही रडले. त्यांना वाटलं, मी घाबरले होते.

त्या दिवसानंतर माझ्या मनात एकच इच्छा घर करून बसली. या माणसाच्या शेजारून चालायचं आणि बोलायचं. बाकी मला सोनं नको होतं, नाणं नको होतं. पण ही गोष्ट सोन्याहून अवघड होती.

मग आबासाहेबांनी बाग काढली. आबासाहेब आमचे नगराध्यक्ष, पंचक्रोशीतले मोठे जमीनदार. कुठल्याशा गावची बाग बघून आले आणि हट्टालाच पेटले. "तालुक्याचं गाव आन् गावाला बगीचा न्हाई, म्हंजे लगीन लावलं आन् नवरीला लुगडं न्हाई!" मोंढा आणि स्टेशन रस्ता यांच्या मधे पडीक जागा होती. वेड्या बाभळी, डुकरं, आणि पहाटे टमरेल घेऊन जाणारी माणसं. तिथे बाग, मुलांना खेळायला झोके आणि घसरगुंडी, पोरांना कबड्डीचं मैदान आणि चौफेर फिरायची वाट, असा बेत ठरला. नकाशा काढायचं काम यांच्याकडे आलं.

एका रविवारी यांनी तो नकाशा घरी आणला आणि चुलीपुढच्या जमिनीवर पसरला. मी भाकरी करत होते. हे बोटाने दाखवत होते. इथे लिंबाची झाडं, इथे बाकडी, इथे कारंजं. मग ते बोट कडेच्या वाटेवरून सगळ्या बागेभोवती फिरलं आणि यांचा आवाज एकदम खाली आला.

"ह्या रस्त्यानं आपण फिरू. दोघं. रोज सांजंला."

"लोक काय मनतेल?"

"बागंत लोक फिरायलाच येतेत की. तिथं कोण मागं-म्होरं बघतंय? म्या रस्ता रुंद धरलाय बघ, दोन माणसं शेजारी चालतील एवढा."

तव्यावरची भाकरी करपली. पुढच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय जळायलंय गं?" मी म्हटलं, "काही न्हाई आत्याबाई," आणि मला हसू आवरेना.

पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काय उगीच म्हणतात? दुष्काळाने पालिकेची तिजोरी आधीच खरवडून नेली होती. पैसे आले तर सिमेंट मिळेना. सिमेंट मिळालं तर पाण्याची बोंब. मी शाळेत जाताना मुद्दाम वाकडी वाट करून त्या जागेवरून जायची. बाभळी तुटल्या, तेव्हा मला आनंद झाला. तारेच्या कुंपणाचे खांब उभे राहिले, तेव्हाही झाला. वाटेवर टाकायला लाल मुरूम आला, त्या दिवशी तर मी त्या ढिगाजवळ इतका वेळ उभी राहिले की मजूर बायांनी विचारलं, "मास्तरीणबाई, काही हरवलं का?" घरी मी भाजी वाढताना हळूच विचारायची, "कुठवर आलं?" हे म्हणायचे, "बाकडी बसवायचीत." एवढंच. पण त्या एवढ्यावर माझे चार-आठ दिवस सुखात जायचे.

बाग उघडायच्या आधी पालिकेची सभा झाली. त्या सभेत काय घडलं, ते मला नंतर समजलं. एका सभासदाने विचारलं, बागेत बायकाही येणार का? येणार म्हटल्यावर गोंधळ उडाला. लेकीबाळी तिथे आणि टवाळ पोरंही तिथे, उद्या काही बरंवाईट झालं तर? आबासाहेब म्हणाले, "बायाला काय गरज हाय बगीच्याची? घरात काय कमी कामं हायेत का त्यायला?" तेव्हा आमचे हे, जे घरात पाण्याचा तांब्या मागायलाही लाजतात, ते चक्क उठून उभे राहिले.

"साहेब, बायांसाठी अलग टाइम ठेवू. चार वाजल्यापसून दिवेलागणीपस्तोर फकस्त बाया. तेवढ्या टायमात एकबी बाप्या आत जाणार न्हाई. म्या सुदा न्हाई."

ठराव एकमताने मंजूर झाला. हे घरी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. "माय, बायांला बाग मिळाली! सभा ऐकायलाच तयार न्हवती, पर म्या वेळ घेतलाच." सासूबाईंनी लेकावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी पेढा हातात धरून विचारलं, "आन् बाप्यांची वेळ?"

"दिवेलागणीनंतर."

"मंग आपली?"

हे माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. "अरारा," एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले. गावातल्या सगळ्या बायकांच्या भल्यासाठी झटायचं आणि आपल्याच दोघांना विसरायचं, याला काय म्हणावं? बरं, "म्या सुदा न्हाई" असं भर सभेत सांगायची काही गरज होती का? मी पेढा डब्यात ठेवला आणि भांडी घासायला घेतली. त्या दिवशी आमच्या घरातली भांडी फार लख्ख निघाली.

बाग उघडली. पहिल्या दिवशी चार वाजता फाटकाशी बायकांची ही गर्दी, पण रिकाम्या हाताने एकही आली नव्हती. आमच्याकडे बाई रिकाम्या हाताने घराबाहेर पडली की जो तो विचारतो, कुठं चालली? म्हणून कोणी पिशवी आणली होती, कोणी घागर. एकीने तर विळा आणला होता आणि ती नव्या लावलेल्या हरळीत शेळीसाठी गवत कापायला बसली. चौकीदार ओरडत धावला आणि फाटकाशीच थबकला, कारण आत यायची त्यालाही बंदी होती. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच फेरीत लुगड्याच्या ओच्यात काटक्या गोळा केल्या. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "पडून सडायच्यात, मंग?"

मोंढ्यातले आडते व्यंकटराव यांची सून गीताबाई पण यायची. लग्न होऊन आल्यापासून तिने घर आणि देऊळ याशिवाय काही पाहिलं नव्हतं. बागेत बाप्या माणूस नसतो, या एका बोलीवर तिच्या सासऱ्यांनी तिला सोडलं होतं. आमच्या वस्तीतल्या बायका बसल्या असतील त्या बाकावर बसावं की नाही, हे तिला आधी काही दिवस ठरवता येईना. ती तशीच उभी राहायची. एकदा झोक्यावर माझ्यामागून तिची पाळी आली. झोका चढवायला कोणीतरी लागतंच. मी तिच्या पाठीला हात लावून झोका दिला. ती वर गेली आणि एवढ्या मोठ्याने हसली की स्वतःच दचकली. त्यानंतर ती आमच्याच बाकावर बसायला लागली. "कुसुमताई, मला वाटलं व्हतं हसायचं इसरलेच मी," ती म्हणाली.

बायका झोक्यावर, बायका बाकांवर, आणि मी वाटेवर. मी फेऱ्या मारत राहायची. वाट चांगली रुंद होती, दोन माणसं शेजारी चालतील एवढी. माझ्या शेजारची अर्धी वाट रोज रिकामी. अशा वेळी मला यांची इतकी आठवण यायची की जणू हे परगावी राहत होते. रोज एकाच बरणीतलं लोणचं आम्ही खात होतो, आणि मी या माणसासाठी झुरत होते. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटेल?

यांनाही सुचत नव्हतं असं नाही. महिनाभराने एकदा मी अंगणात पाणी भरत असताना घागर उचलू लागायच्या निमित्ताने हे जवळ आले. "आबासाहेबाला बोललोय म्या. रविवारी सगळ्यांला एकदमच सोडायचं. ज्यानं त्यानं आपलं कुटुंब घिऊन यावं. पुढल्या सभेत ठराव येतोय." माझ्या हातून घागर सुटली. सगळं पाणी आमच्या दोघांच्या पायावर. "हां, सांडा, सांडा," सासूबाई म्हणाल्या, "नळ काय तुमच्या बाचा हाय."

ती आनंदाची बातमी माझ्या पोटात राहीना. मी दुसऱ्या दिवशी गीताबाईला सांगितली. तिचा चेहरा उतरला.

"रविवारी बाप्ये येणार?"

"रविवारच तेवढा. बाकीचे दिवस आपलेच."

"तसं ऱ्हातंय व्हय ताई? मामंजी मनतेल, बाग आता सगळ्यांची झाली. रविवार न्हाई आन् सोमवारबी न्हाई. मला न्हाई सोडायचे ते."

मी शाळेत समता शिकवते म्हणून माझं मन मोठं असेल, असं कोणी समजू नये. मला तिचा भयंकर राग आला. गेल्या सगळ्या बायका खड्ड्यात, असं वाटलं. मी काय मागत होते? आठवड्यातली एक संध्याकाळ. तीही स्वतःच्या नवऱ्याबरोबर. मी तिच्याशी धड न बोलता निघून आले.

पण बातमी गावात पसरली. अजून ठरावही झाला नव्हता, तरी गीताबाई यायची बंद झाली. तिच्यामागून मोंढ्याच्या गल्लीतल्या चौघी गेल्या. मग आमच्याच वस्तीतल्या दोघी-तिघींच्या नवऱ्यांनी डोळे वटारले. झोक्यावर पाळीसाठी भांडणं व्हायची, तिथे झोका मोकळा राहायला लागला. मी फेऱ्या मारत होते आणि माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. मी आणि हे या वाटेने बोलत चाललो आहोत, असं मी मनातल्या मनात किती वेळा पाहिलं होतं! आता ते बघायला गेले की मधे गीताबाई यायची, दाराआड उभी असलेली. तिला कोंडून मला फिरता येणार नव्हतं. मला ते फार जड गेलं. पण दुसरं काही करणं मला जमेना.

त्या दिवशी भाकरी थापता थापता मी म्हटलं, "तो रविवारचा ठराव ऱ्हाऊ द्या."

हे जेवता जेवता थांबले. "काहून?"

दोन दीर, नणंद, सासूबाई, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "सांगते नंतर," मी म्हटलं. पण आमच्या घरात 'नंतर' ठेवायला जागा कुठे होती?

दुसऱ्या दिवशी मी बागेत स्टेशन रस्त्याच्या बाजूने चालले होते. तारेच्या पलीकडे हे दिसले. कुंपणाच्या तारा तपासायला आल्यासारखं करत होते.

"काहून नको मनलीस?"

आम्ही थांबलो तशा बाकांवरच्या बायकांच्या माना वळल्या. "थांबू नका," मी म्हटलं, "चाला. रस्त्यानं चालायला कोण काय मनतंय तुमाला?"

मी आतून चालायला लागले, हे बाहेरून. मी गीताबाईचं सांगितलं. मोकळ्या झोक्याचं सांगितलं. माझा राग सांगितला, आणि मला किती वाईट वाटतंय तेही सांगितलं. हे ऐकत होते. एरवी ढांगा टाकत पुढे जाणारा माणूस, पण आत मी हळू झाले की बाहेर हेही हळू व्हायचे. मधे तार होती म्हणून मला मागे राहता येत नव्हतं आणि यांना पुढे जाऊन चालत नव्हतं. ही गोष्ट माझ्या आधी यांच्याच ध्यानात आली.

"आगं," हे म्हणाले, "आपण तर शेजारी चालायलोत."

मोंढ्याच्या भिंतीपाशी कुंपण आत वळलं, तिथे बाहेरचा रस्ता संपत होता. हे कोपऱ्यावर उभे राहिले आणि मी एकटी पुढे गेले.

ठराव मागे घेतला. गीताबाई आली, तिच्यामागून बाकीच्या आल्या. आणि आमचं रोजचंच झालं. कामावरून सुटले की हे स्टेशन रस्त्याला यायचे. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आम्ही बोलायचो. या माणसाला गणिताची भीती वाटायची, आणि अजून स्वप्नात परीक्षेचा पेपर येतो. या माणसाला चांदण्यांची नावं पाठ आहेत. किती काय काय होतं या माणसात! बोलणं रंगात यायचं आणि कोपरा यायचा. तारेतून हात घातला असता तर यांच्या खांद्याला लागला असता, पण तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. आपण कोपऱ्यापुढे दोघं मिळून कधीच जाणार नाही, हे मला कळत होतं आणि ते रोज नव्याने लागायचं.

सासूबाईंचं बसायचं बाकडं त्या कोपऱ्याशीच होतं. त्यांच्या नजरेतून हे सुटणार थोडंच? एके दिवशी हे कोपऱ्यावर थांबले आणि मी पुढे निघाले, तशी त्यांनी मला हाक मारली. "इकडं ये. बस."

आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून बसले.

"काय बोलतेत गं एवढं?"

"कोण आत्याबाई?"

"नवरा-बायकू. काय बोलत असतेत एवढं?"

मला वाटलं, टोमणा आहे. मी वर बघितलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तुजा सासरा लय गुणाचा व्हता," त्या म्हणाल्या. "कदी हात उगारला न्हाई माज्यावर. जिनिंगला संगं जायचो, संगं यायचो. त्यो म्होरं, म्या मागं. पाठ तेवढी वळखीची झाली बघ तेची. तोंड नीट बगितलं ते तिरडीवर निजवलं तवा. लय येळ बगत बसले म्या. बाया मनल्या, बाई येडी झाली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मला ढकललंच. "जा. उभा हाय अजून त्यो. कोपऱ्याहून माघारी फिरायला काय सरकारचा मज्जाव हाय का?"

हे खरंच अजून उभे होते. मी तारेजवळ गेले, आणि आम्ही आल्या वाटेने माघारी चालायला लागलो. "तुमचे बा दिसायला कसे होते हो?" मी विचारलं. यांना नवल वाटलं, पण हे सांगायला लागले. भुवई कशी होती, हसले की गालावर कुठे खळी पडायची, सरकीच्या ढिगावर लेकराला निजवताना काय गुणगुणायचे. फाटक येईपर्यंत हे सांगत होते, आणि मी ते एकेक सासूबाईंसाठी ध्यानात ठेवत होते.